‘आपण’ची खूण

१

रविवारी सकाळी गाडी पुसायची, साखळीला ऑइल द्यायचं, टायरमधली हवा बघायची आणि मग गावाबाहेरच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून यायचं, हा काटेवाल्यांचा कैक वर्षांचा नेम. तो चुकला की त्यांना दिवसभर चैन पडायची नाही. घरातल्या घरात येरझारा सुरू व्हायच्या, नळ घट्ट आहेत का हे उगाच तपासलं जायचं, आणि शेवटी बायको वैतागून म्हणायची, "जा हो एकदाचे, मारून या चक्कर. तुमच्या पायांना भिंगरी आणि माझ्या डोक्याला ताप."

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दुकानांतले, गोदामांतले, कारखान्यांतले वजनकाटे दुरुस्त करायचा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. माणूस तसा साधा, पण वजनाच्या बाबतीत भलता काटेकोर. कुठलाही काटा समोर आला की आधी पारडं रिकामं करायचं आणि शून्य बघायचं. रिकाम्या पारड्याला काटा शून्य दाखवत नसेल तर पुढचं सगळं थोतांड, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे.

गाडी म्हणजे मोठी मोटारसायकल होती, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या असलेली. तिच्यावरून नवरा-बायको कुठं कुठं भटकून आले होते त्याला गणतीच नाही. मागचा सगळा भार एकाच जाड शॉकअपवर होता आणि त्याची स्प्रिंग आवळायला खाली खाचांची एक कडी होती. एकट्यानं जायचं तर कडी सैल ठेवायची, दोघांनी जायचं तर आकडीच्या पान्यानं फिरवून आवळायची. आता काटेवालेच ते, नुसत्या खाचांवर त्यांचा विश्वास बसतोय होय! एका मोडीत निघालेल्या वजनकाट्याची पितळी सुई काढून त्यांनी ती मागच्या चाकाच्या दांड्याला बसवली होती. गाडी मागून जितकी बसेल तितकी सुई बाजूच्या पत्र्यावर सरकायची. पत्र्यावर बायकोनं लाल नेलपॉलिशनं तीन खुणा केल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शून्य, तुम्ही, आपण.

निघण्यापूर्वीचा कार्यक्रम ठरलेला असे. काटेवाले गाडीवर बसून ती सरळ धरायचे, बायको खाली वाकून सुई वाचायची, "‘तुम्ही’वर आहे हो." मग ती मागं चढायची, ऐसपैस बसायची आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर एक भक्कम थाप मारायची. म्हणजे, बसले, चला. ही थाप पडली की काटेवाल्यांचा हात किल्लीकडे जायचा. बायको बरोबर असताना थापेशिवाय गाडी कधी सुरू झाली नाही, आणि एकटं निघताना हात जरा घोटाळायचाच.

यंदा मात्र बायकोनं नाही म्हटलं होतं. डोंगरापलीकडच्या गावी लेकीनं नवं घर घेतलं होतं, तिकडं जायचं होतं. "माझी पाठ आता पुरे म्हणतेय," बायको म्हणाली. "तुम्ही गाडीनं या, मी बसनं येते. तिथं भेटूच की." यात रागावण्यासारखं काय होतं? पण काटेवाल्यांना ते लागलं. भांडले नाहीत, नुसते घुम्यासारखे वागायला लागले. आणि कडी मात्र त्यांनी दोघांच्याच खाचेवर राहू दिली. सैल करायला हातच होईना.

त्या रविवारी पुलाच्या अलीकडं एक खड्डा आला, नेहमीचाच. एरवी गाडी त्याची दखलही घ्यायची नाही. या वेळी मागून धप्प असा आवाज झाला, शॉकअप पार तळाला टेकलं आणि हिसका थेट माकडहाडापर्यंत गेला. घरी आल्यावर काटेवाल्यांनी गाडीवरून न उतरताच छोटा आरसा खाली धरून सुई बघितली. गाडीवर ते एकटेच होते, पण सुई ‘आपण’वर होती.

२

"गेलंय शॉकअप," गॅरेजवाले उस्ताद म्हणाले. त्यांनी मागची सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली आणि मान हलवली. "वयच झालंय हो त्याचं. तुमच्या-माझ्यासारखं."

"तुमचं झालं असेल," काटेवाले म्हणाले. "तेल गळतंय का बघा आधी."

उस्तादांनी कडी सैल केली, शॉकअप काढलं, पुसलं, उजेडात धरून फिरवून पाहिलं. दांडा कोरडा होता. सील धड होतं, स्प्रिंग कुठं चिरलेली नव्हती. जुन्या शॉकअपला जेवढं म्हातारपण यायला हवं तेवढंही त्याला आलेलं दिसेना. उस्तादांनी डोकं खाजवलं.

"आतून गेलं असणार," ते शेवटी म्हणाले. आतून गेलं म्हटलं की वाद मिटतो. डोंगरातला प्रवास तोंडावर होता, तिकडच्या वळणांवर मागून डुलणारी गाडी म्हणजे जिवाशी खेळ. काटेवाल्यांनी नवं शॉकअप मागवायला सांगितलं आणि ते येईपर्यंतचे दिवस कसेबसे काढले. कामावर त्यांचं लक्ष नव्हतं. एका गोदामात तर काट्याचं शून्य न बघताच ते सुई जुळवायला बसले, आणि चूक ध्यानात आल्यावर स्वतःवरच चिडले.

नवं शॉकअप बसवून देताना उस्तादांनी कडी एकट्याच्या खाचेवर ठेवली होती. "आता उडवा कुठं उडवायची ती," ते म्हणाले. गाडी घरापर्यंत लोण्यासारखी आली. पोर्चमध्ये ती लावल्यावर काटेवाल्यांनी पेटीतून पाना काढला आणि कडी परत दोघांच्या खाचेवर आवळली. सवय हो, दुसरं काय.

३

नव्या शॉकअपची पहिली चक्कर त्यांनी दुसऱ्याच दिवशी कामावर जाण्याआधी मारली. पुलापर्यंत सगळं झकास होतं. पुलावरून मागं वळताना गाडी किंचित झोक घेऊन उशिरा सरळ झाली. मागं माणूस असला आणि तो वळणात आपल्याबरोबर झुकायला अळंटळं करत असला, की गाडी अशी वागते. बायको सुरुवातीला तसंच करायची. तिला झुकायला शिकवण्यात एक अख्खा उन्हाळा गेला होता.

वारा असेल, असं काटेवाल्यांनी ठरवलं. मग समोर एक कुत्रं आलं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, आणि त्यांच्या पाठीला मागून सावकाश, मऊ असा रेटा बसला. जाकीट फुगलं असेल. जाकीट फुगून पाठीला रेटा बसतो का, हा प्रश्न त्यांच्यातल्या काटेवाल्यानं लगेच विचारला, आणि त्यांनी त्याला गप्प केलं. खड्ड्यात पुन्हा धप्प झालं. घरी आरशात बघितलं, तर सुई ‘आपण’वर.

ते गाडीशेजारी उकिडवे बसून नव्या शॉकअपला बोटानं टिचक्या मारत होते. तेवढ्यात कानाजवळ आवाज आला, "चहा घेता ना?"

काटेवाले दचकून पडायचेच बाकी राहिले. बायको शेजारी उभी होती. "अगं, चाहूल तरी देत जा! कुठून आलीस?"

"वरून. जिन्यानं. उडत येणार आहे का मी?"

त्यांच्या घरातला जिना लाकडी होता आणि वरून तिसरी पायरी कुरकुरायची. दुरुस्त करू करू म्हणता ती तशीच राहिली होती. पाठीमुळे बायको हल्ली एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची, त्यामुळे ती पायरी दोनदा बोलायची, आणि मग खालपर्यंत जड पावलांची धप धप यायची. पोर्चच्या उघड्या दारातून ती ऐकू येतेच येते. आज काहीच ऐकू आलं नव्हतं. माझंच लक्ष नसेल, असं म्हणून काटेवाले चहाला आत गेले.

४

"नवं कोरं शॉकअप आहे हे," उस्ताद म्हणाले. आता त्यांचाही पारा चढला होता. "माझ्या हातानं बसवलंय. द्या इकडं किल्ली."

त्यांनी आधी खाली वाकून कडी पाहिली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, ती सैल केली आणि गाडी घेऊन गेले. काटेवाले गॅरेजच्या दारात उभे राहून नखं खात होते. उस्ताद परत आले ते हसतच. "काही नाही झालंय गाडीला. मी खड्डे शोधून शोधून घातली. तुम्ही एकट्यानं चालवता ना? मग कडी दोघांची कशाला?"

"असू दे. बसेल ती कधीतरी."

"वहिनी नाही येणार म्हणाल्या होत्या ना?"

"अहो, नाही म्हणते. बाई माणूस आहे, बदलेल विचार." असं म्हणून काटेवाल्यांनी उस्तादांच्या समोरच पाना घेऊन कडी पुन्हा आवळली. उस्तादांनी हात जोडले.

गाडी सुरू करून ते रस्त्याला लागले, तोच मागून हाक आली. "ओ काटेवाले! थांबा जरा!" उस्ताद गॅरेजच्या दारातून मान वाकडी करून गाडीच्या मागच्या चाकाकडं बघत होते. हसू गेलं होतं.

"मागं सरकून बसताय का तुम्ही?"

"नाही बुवा. का?"

"उभी होती तोवर ठीक होती. तुम्ही निघालात आणि त्या कोपऱ्यावर..." उस्ताद थांबले. त्यांनी चिंध्यांनी हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "काही नाही. एकदम बसली मागून. कुणीतरी चालत्या गाडीवर चढावं तशी. जावा तुम्ही. पण कडी सैल करा ती."

५

शहाण्या माणसानं ऐकलं असतं. पण काटेवाल्यांच्या डोक्यात किडा शिरला होता. दोष आहे, तर तो सापडलाच पाहिजे. सकाळी चक्कर, कामावरून येताना चक्कर, जेवण झाल्यावर "आलोच" म्हणून चक्कर. कधी पेट्या काढून, कधी पेट्यांत आपली लोखंडी वजनं भरून. कडीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती जणू या प्रकरणातच नव्हती.

प्रत्येक चकरेनंतर सुई थोडी पुढं असायची. आणि आता एक नवीनच गोष्ट झाली होती. खाली उतरल्यावरही गाडी पूर्ण उचलली जात नव्हती. रिकामं पारडं, आणि शून्य नाही. काटेवाले त्या सुईकडं बघत राहायचे.

घरात मात्र आनंदीआनंद होता. बायकोची पाठ दुखायची राहिली होती. वर्षानुवर्षं मलमं चोळून, शेक घेऊन जे दुखणं हटलं नाही, ते आपोआप थांबलं. "किती हलकं वाटतंय म्हणून सांगू," ती लेकीला फोनवर सांगत होती. "सकाळी उठते तर अंग असं पिसासारखं. तुझे बाबा? ते आहेत त्यांच्या सवतीपाशी, खाली. तिचं काहीतरी बिनसलंय, म्हणून यांचं बिनसलंय."

त्या दुपारी काटेवाले पलंगावर पडले होते. बायको येऊन त्यांच्या शेजारी आडवी झाली. गादी जुनी, स्प्रिंगची. एक जण पडला की दुसरा घरंगळत त्याच्याकडं यायचा, यावर लग्नापासून चेष्टा चालायची. बायको आडवी झाली आणि गादी हललीसुद्धा नाही. चादरीला तिच्या अंगाखाली एक सुरकुती होती, ती तशीच उभी राहिली.

"काय बघताय?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"ऐका ना. पाठ बरी आहे तर येऊ का मी तुमच्याबरोबर? गाडीनं?"

किती दिवस ते हे ऐकायला आसुसले होते! आणि ते ऐकताना त्यांचं लक्ष सगळं त्या सुरकुतीवर होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपलं जाकीट काढलं, हेल्मेट पुसलं. नव्या नवरीसारखी उत्साहात होती. काटेवाले गाडीवर बसले. ती वाकली.

"अहो, ही सुई ‘आपण’वर कशी? मी तर अजून खाली आहे."

"तेच तर शोधतोय इतके दिवस. तू बस."

ती पायखुंटीवर पाय ठेवून चढली. चढताना गाडी एका अंगाला ओढली जाते, काटेवाल्यांचे दोन्ही हात त्या ओढीसाठी तयार होते. ओढ आलीच नाही. "बसलीस?" त्यांनी विचारलं.

"कधीची. थाप मारली की. लक्ष कुठंय?"

काटेवाल्यांनी आरसा खाली धरला. सुई होती तिथंच होती. केसभरही नाही.

ते निघाले. तिच्याशी बोलत राहिले, कारण बोलणं थांबलं की मागं कोणी आहे असं वाटेना. नाही, हेही खरं नव्हे. मागं कोणीतरी होतंच. ब्रेक लावला की तोच मऊ रेटा पाठीला बसत होता, वळणात ते वजन आता त्यांच्याबरोबर सुरेख झुकत होतं, चांगलं शिकल्यासारखं. पण बायकोचा आवाज तिथून येत नव्हता. तो जरा वरून, जरा मागून येत होता, गाडीच्या दांड्याला बांधलेलं फडकं फडफडावं तिथून.

"धरून बसलीस ना गं?" ते ओरडले.

"कशाला धरायचं? किती मऊ चाललीय गाडी! मला तर बसल्यासारखंच वाटत नाहीये."

काटेवाल्यांनी पुलापर्यंत न जाताच गाडी वळवली. हँडल सोडून मागं चाचपून बघावं असं वाटत होतं, आणि काय लागेल या विचारानं हात हँडलवरून सुटत नव्हता.

७

संध्याकाळी त्यांनी कामावरचा माणसं उभी राहतील असा काटा घरी आणला. "दुरुस्तीला आलाय," असं सांगितलं. बायकोला काय खोटं कळत नाही? तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, हातातलं काम ठेवलं आणि चपला काढून काट्यावर उभी राहिली.

तबकडीवरची सुई थरथरली आणि शून्यावर येऊन थांबली.

"बिघडलाय तुमचा काटा," बायको म्हणाली.

"हो ना. म्हणून तर आणलाय." ते तिला खाली उतरायला सांगायच्या आधीच ती उतरली. त्यांनी आपली लोखंडी वजनं एकेक करून ठेवली. सुई चोख चालली. ते स्वतः उभे राहिले. चोख. बायको सगळं बघत होती. ती हसेल, टोमणा मारेल, म्हणून काटेवाले वाट बघत राहिले.

"पुन्हा उभी राहू?" तिनं विचारलं.

"नको."

"अहो, काय होतंय मला?" एवढ्या वर्षांत हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ती घाबरली होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता, ओळखीचा होता, बोटावर सुरीचा जुना व्रणही जागेवर होता. आणि तो हात उचलून धरायला त्यांना काडीचंही बळ लागत नव्हतं. काटेवाल्यांना एकदम रडू आलं. मी तुला ओढून नेतोय, असं त्यांना म्हणायचं होतं. तू नाही म्हणालीस आणि मी तुझी जागा आवळून ठेवली, आणि रोज थोडी थोडी तुला बाहेर नेऊन सोडली. पण हे शब्द तोंडातून बाहेर काढले, तर माणूस वेडा झाला म्हणतील.

"काही होत नाही," ते म्हणाले. "तू बसनंच जा लेकीकडं. मी तिकीट काढतो. गाडी राहू दे."

"राहू दे? तुम्ही म्हणताय हे?" बायको रडता रडता हसली.

८

सकाळी लख्ख ऊन होतं. काटेवाले उठले ते थेट पोर्चमध्ये गेले. गाडी मागून पार दबून उभी होती, सुई ‘आपण’च्याही पुढं. त्यांनी पाना घेतला, आकडी कडीच्या खाचेत अडकवली आणि जोर लावला. कडी हटता हटेना. इतक्या सहज फिरणारी ती, आज जाम बसली होती. त्यांनी गुडघा टेकला, दात खाल्ले, आणि कडी टक्कन एक खाच सैल झाली.

मग दुसरी. मग सगळ्या, एकट्याच्या खाचेपर्यंत.

स्प्रिंग सैल केली की गाडी आणखी बसायला हवी. ही उचलली गेली. सावकाश, कुणीतरी पाय जमिनीला टेकवून उतरावं तशी उचलली गेली, आणि सुई मागं सरकत सरकत शून्यापाशी येऊन थांबली. काटेवाल्यांनी श्वास सोडला. कपाळावर घाम होता, पण हसू येत होतं.

खात्री करायला हवी. ते गाडीवर बसले, गाडी सरळ धरली, आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, जरा सुई बघ ना!"

वर, घरात, जिन्याची तिसरी पायरी कुरकुरली. दोनदा.

काटेवाल्यांचे डोळे भरून आले. पायरीवर दोन्ही पाय टेकवत, जड, धप धप, ती खाली येत होती. असा सुंदर आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पाठ दुखेल बिचारीची आता पुन्हा, दुखू दे, मी शेकीन, रोज शेकीन. पावलं शेवटच्या पायरीवर आली. दारात पोचली.

"कुणाला हाका मारताय? मी तर इथं आहे!"

बायको घराच्या मागच्या बाजूनं आली. कडेवर रिकामी बादली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. "कपडे वाळत घालत होते. सुई बघू? थांबा." मागं पाणी सांडून चिखल झाला होता आणि ती त्यातूनच चालत आली होती. तिच्या पायांना चिखल नव्हता. बादली खाली ठेवून ती मागच्या चाकाशी वाकली.

दाराकडं बघायची काटेवाल्यांना हिंमत होईना. दाराची कडी वाजली होती का? फरशीवर काही वाजलं होतं का?

"‘तुम्ही’च्या जरा पुढं आहे," बायको म्हणाली. "सैल केलीत ना, मग बरोबर आहे. अय्या, झालं की हो नीट!" आणि मग, "अहो. थांबा. सरकतेय. तुम्ही हललात का?"

ते हलले नव्हते. गाडी मात्र डावीकडं ओढली गेली, चांगली दणकून, माणूस चढताना ओढली जाते तशी, आणि त्यांच्या हातांनी सवयीनं ती सावरून धरली.

"‘आपण’वर आली," बायको पुटपुटली. तिनं मान वर केली.

काटेवाल्यांनी मागं पाहिलं नाही. त्यांनी फक्त बायकोचा चेहरा पाहिला. ती त्यांच्या खांद्यामागं बघत होती. किंचाळली नाही, मागं सरली नाही. आधी ती नुसती गोंधळली, आणि मग तिचा ओला हात आपोआप वर गेला आणि कानाजवळची सुटलेली बट तिनं नीट मागं सारली. घराबाहेर पडताना आरशासमोर उभी राहून ती रोज सारायची तशी.

"अहो, उतरा," ती अगदी हळू म्हणाली. "उतरा ना हो खाली."

त्यांना उतरायचं होतं. देवाशपथ उतरायचं होतं. त्यांनी एक पाय उचललादेखील. तेवढ्यात त्यांच्या उजव्या खांद्यावर थाप पडली. भक्कम, जड, हवी तेवढीच जड. तिची वाट बघत त्यांनी इतके दिवस काढले होते, आणि आत कुठंतरी त्यांना बरं वाटलं.

बसले, चला.

समोर बायको दोन्ही हातांनी त्यांची बाही धरून ओढत होती, आणि ओढ त्यांना जाणवत नव्हती. त्यांचा हात किल्लीकडे गेला.